थंडीतली मोठी अक्षरं

मनोहरकाका आठल्ये चिनी शिकवायचे ते पाण्याने. त्यांच्या गच्चीवर कोटा फरशीचा एक लांबरुंद तुकडा टाकलेला होता, शेजारी पितळी तांब्या, आणि काकांच्या हातात जाड दांड्याचा ब्रश. ब्रश तांब्यात बुडवायचा, काठावर निथळवायचा आणि फरशीवर अक्षर काढायचं. ते काळंभोर उमटायचं आणि वाळलं की नाहीसं व्हायचं. "कागद नको, शाई नको, आणि चुकलेलं कुणाला दिसत नाही," असं ते म्हणायचे. खरं कारण मालतीकाकूंनी मला सांगितलं होतं. एकदा शाईची बाटली त्यांच्या वाळत घातलेल्या पापडांवर लवंडली होती, आणि त्या दिवसापासून गच्चीवर शाईला बंदी होती.

खंडेराव गेटच्या आत आमच्या गल्लीत त्यांचं आणि आमचं घर समोरासमोर. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची गच्ची दिसते. सकाळी ऑफिसला जाण्याआधी पोळ्या करता करता जेवढं चिनी माझ्या कानावरून गेलं, तेवढं झाशीत फार थोड्यांच्या कानावरून गेलं असेल. आलं मात्र काही नाही. काका म्हणायचे, "तुझं लक्ष तव्यावर." ते खरंच होतं.

झाशीतल्या मराठी माणसाने चिनी कशाला शिकावं, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर सगळ्यांनी विचारला. ते फौजेत दुभाषे होते. तरुणपणी कुणीतरी विचारलं, चिनी कोण शिकणार, आणि कोणीच हात वर करेना म्हणून यांनी केला. एवढीच हकीकत ते सांगत. पलीकडच्या लोकांशी काय बोलणी झाली, कुठे झाली, याबद्दल त्यांनी कधी ताकास तूर लागू दिली नाही. "हवा कशी आहे ते विचारायचो," म्हणायचे. निवृत्त होऊन घरी आल्यावर मोहल्ल्यात ते 'चीनी साहब' झाले, आणि आम्हा मराठी घरांत चिनीकाका.

त्यांचं सगळं बोलणं शेवटी अक्षरांवर यायचं. चिनी अक्षरं दोन तऱ्हेची असतात, हे आमच्या गल्लीतल्या दूधवाल्यालाही माहीत होतं, ते काकांमुळे. जुनी अक्षरं मोठी, रेघांनी गच्च भरलेली. चीनच्या सरकारने लोकांना लवकर लिहिता-वाचता यावं म्हणून त्यातल्या बऱ्याच अक्षरांच्या रेघा कमी केल्या, ती नवी, छोटी. चीनमध्ये छोटी चालतात. तैवान, हाँगकाँग आणि फार पूर्वी परदेशी गेलेली चिनी घरं, तिथे मोठी. काकांचे पहिले मास्तर कलकत्त्याचे एक म्हातारे चिनी गृहस्थ होते, त्यांच्याकडून काका मोठी शिकले. पुढे कामाला लागल्यावर कळलं, की पलीकडून येणारे कागद सगळे छोट्यात. मग रात्रीचा दिवस करून छोटी शिकले.

आपल्या घरातल्या माणसांना समजावताना ते मोडीचं उदाहरण द्यायचे. आमच्या सगळ्यांच्या घरी आजे-पणज्यांचे मोडीतले कागद होते, वाचता कुणालाच येत नव्हते. "मोडी कशी, दफ्तरातली, घाईची. आणि बाळबोध देवापुढची, पोथीची. दोन्ही आपलीच ना? तसंच हे आहे." चांगलं कोणतं, असं विचारलं की चिडायचे. "उजवा हात चांगला का डावा?"

एकदा त्यांचा एक विद्यार्थी मोबाइलवर आलेला मजकूर घेऊन आला. 'प्रेम' या अक्षराच्या मधोमध पूर्वी हृदयाचं चिन्ह होतं, नव्या अक्षरात ते काढून टाकलं, बघा, चीनमधलं प्रेम हृदयाविना झालं, असं काहीतरी. पोरगा भारावून गेला होता. काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणाले, "बेटा, हृदय काढलं म्हणून तिकडे कोणी लग्न करायचं राहिलंय का? हात घाईत असला की रेघ गळते. हजार वर्षं गळते आहे. दुकानदार काय बिलावर सोळा रेघा काढत बसेल?" मग फरशीवर 'धूळ' काढून दाखवली. मोठ्या अक्षरात वर हरीण आणि खाली माती. हरीण पळालं की माती उडते. छोट्यात वर 'लहान' आणि खाली माती. "हे छोटं मला आवडतं," म्हणाले. "झाशीत हरणं कुठे आहेत? धूळ आहे." तेव्हा मे महिना होता आणि लू म्हणतात तो गरम वारा सुटला होता. ते अक्षर त्यांचं बोलणं संपायच्या आत वाळून गेलं.

या वाळण्यावरूनच त्यांचं वेळापत्रक ठरलेलं होतं. उन्हाळ्यात छोटी अक्षरं, थंडीत मोठी. यात शिक्षणाचं काही शास्त्र नव्हतं. आमच्याकडच्या उन्हात मोठं अक्षर पुरंच होत नसे. कासवाचं जुनं अक्षर फार किचकट असतं. डोक्यापासून सुरुवात करून शेपटीकडे यावं, तर डोकं वाळून गेलेलं. म्हणून होळीनंतर छोटी काढायची, आणि दिवाळी झाली, सकाळी अंगावर शाल आली, की काका ब्रश धुऊन म्हणायचे, "चला, आता मोठ्यांचे दिवस आले."

विद्यार्थ्यांना हे अजिबात पटायचं नाही. त्यांना नोकऱ्या हव्या होत्या. नोएडाला मोबाइलचे कारखाने होते, तिथे दुभाषे लागत, आणि तिथे सगळं छोट्यात. टहरौलीहून पूजा नावाची एक मुलगी बसने यायची. तिचे वडील शेती करत. ती काकांच्या तोंडावर बोलायची, तेही तिच्या बुंदेलीत, जिच्यात 'वाले'चं 'बारे' होतं.

"दादाजी, जे बड़े बारे काए सिखाउत? नौकरी में तो छोटेई चलत।"

"कल को तुम्हें तैवान की कंपनी ने बुलाया तो?"

"काए बुलाहै हमें तैवान?"

"मेरे लड़के को बुलाया कि नहीं?"

यावर पूजा वही उघडायची. शेखरचं नाव निघालं की शिकवणीत सगळे मोठी अक्षरं काढायला लागायचे.

शेखर काकांचा एकुलता एक मुलगा, माझ्याहून थोडा मोठा. याच फरशीवर शिकला. इंजिनिअर झाला, तैवानला सायकलींच्या कारखान्यात लागला आणि तिथलाच झाला. बायको तिथली, शू-चेन. त्यांना एक मुलगी, यीआन. काकूंच्या जिभेला ते नाव वळेना म्हणून त्या तिला यमू म्हणायच्या, आणि तिकडे ती पोरगीही यमू म्हटल्यावर ओ द्यायची. तिला मराठी येत नव्हतं, हिंदी येत नव्हतं. आजीशी ती हसायची आणि आजोबांशी चिनीत बोलायची. आमच्या गल्लीत नातवंडं आजी-आजोबांना हिंदीत उत्तरं देतात म्हणून म्हातारी माणसं कुरकुरतात. काका म्हणायचे, "माझी तर चिनीत देते. मी कुणाकडे तक्रार करू?" पण मनातून ते फुलून गेलेले असायचे. नातीशी बोलता येईल एवढी भाषा कुणीतरी आपल्याला फौजेच्या खर्चाने शिकवून ठेवली होती, असं ते खरंच म्हणायचे. ती शाळेत शिकलेलं मोठं अक्षर मोबाइलच्या पडद्यासमोर धरायची, आणि हे इकडे गच्चीवर ते ओल्या ब्रशने काढून दाखवायचे.

शेखर जाताना काकांनी त्याला चिनी नाव काढून दिलं होतं. शेखर म्हणजे शिखर, म्हणून त्यात पर्वताचं अक्षर. पर्वताच्या जुन्या अक्षरात वर डोंगर असतो आणि खाली दोन बाजूंना दोन कुत्री. काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. "माझ्या लेकाच्या नावात कुत्री कशाला घातलीत?" काका म्हणाले, "राखणीला." नव्या अक्षरात ती कुत्री नाहीत, डोंगरावर एक टेकाड ठेवलंय, झालं. काकूंना ते पसंत होतं. काकांनी ऐकलं नाही.

काका तसे हट्टी होते. ओरछ्याच्या एका हॉटेलवाल्याने त्यांच्याकडून खोल्यांच्या पाट्या चिनीत लिहून घेतल्या होत्या. काकांनी छोट्या अक्षरांत लिहून दिल्या. हॉटेलवाल्याला कुणीतरी सांगितलं, तैवानचे पाहुणेही येतात, मोठ्यातही पाहिजेत. त्याने काकांना न विचारता पाटी रंगवणाऱ्याकडे दिलं, त्याने संगणकाला. आता छोट्यात 'राणी' आणि 'नंतर' या दोहोंना एकच अक्षर चालतं. मोठ्यात दोन वेगवेगळी आहेत. संगणकाने बेधडक दुसरंच लावलं, आणि ज्या खोलीचं नाव 'राणीचा महाल' होतं तिथे 'राजानंतरचा महाल' झाला. काकांना हे कळलं तेव्हा त्यांच्या अंगात ताप होता. तसेच ऑटो करून ओरछ्याला गेले, स्टुलावर चढले आणि स्वतःच्या हाताने पाटी पुसून पुन्हा रंगवली. हॉटेलवाला खाली उभा राहून म्हणत होता, "साहब, यहाँ चीनी आता ही कौन है?"

"आएगा तो पढ़ेगा," काका वरून म्हणाले.

आल्यावर आठवडाभर झोपून होते. काकूंनी बोलून बोलून त्यांना नकोसं केलं. काका पांघरुणातून एक बोट बाहेर काढून गादीवर काहीतरी गिरवत पडले होते. ही त्यांची जुनी सवय. विचार करत असले, चहाची वाट पाहत असले, की उजव्या हाताचं पहिलं बोट मांडीवर अक्षरं काढत राहायचं. बँकेत, लग्नाच्या पंगतीत, डॉक्टरकडे. काकूंना त्या बोटावरून त्यांचा मूड कळायचा. "आज बारीक लिहितायत, म्हणजे चिडलेत," असं मला हळूच सांगायच्या.

शेखर गेला तो उन्हाळ्यात. कारखान्यातून घरी आला, जेवला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत राहिलं नव्हतं काही. दुसऱ्या दिवशी सकाळी शू-चेनने फोन केला. आमच्याकडे तेव्हा पोळ्यांची वेळ होती, गच्चीवर शिकवणी चालू होती. मी खिडकीतून पाहिलं, काका फोन कानाला लावून उभे होते. दोन-तीनदा काहीतरी म्हणाले. मग फोन खिशात ठेवला, ब्रश तांब्यात बुडवला आणि पुढचं अक्षर काढलं. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. पूजाने काहीतरी विचारलं, त्याचं उत्तर दिलं. मी डबे भरून ऑफिसला निघाले तेव्हाही ते शिकवत होते. दुपारी मला सदर बाजारात ऑफिसमध्ये आईचा फोन आला, तेव्हा कळलं.

मला आधी काहीच वाटलं नाही. मी हातातलं काम पुरं केलं. स्कूटर काढली आणि वाटेत पेट्रोलसुद्धा भरलं. नंतर स्वतःचंच नवल वाटलं. पण त्या घरात पाय ठेवल्यावर कळलं, की तिथेही सगळं तसंच चाललं होतं. काकू मधल्या खोलीत बसून होत्या, बायका भोवती. त्या मला म्हणाल्या, "अर्धा तास वर शिकवत होते गं. मला आधी राग आला. मग वाटलं, बरं केलं. तेवढा वेळ मी भेंडी चिरत होते."

त्यांना तिकडे जाणं जमलं नाही. पासपोर्ट संपलेले होते. तिकडचं सगळं त्यांनी मोबाइलवर पाहिलं. काकांनी मोबाइल मिसळणाच्या डब्याला टेकवून उभा केला होता, आणि तो घसरायला लागला की उठून नीट करत होते. तेरा दिवस माणसं भेटायला येत होती. एक गृहस्थ टेबलावरचा चिनी कागद पाहून काही बोलायचं म्हणून म्हणाले, हे कसं काय वाचता येतं बुवा. काकांनी त्यांना रेघांचा क्रम समजावला. आधी आडवी, मग उभी, आधी बाहेरची चौकट, मग आतलं, आणि चौकटीचं दार शेवटी बंद करायचं. गृहस्थ मान डोलावत राहिले आणि समाचाराचा एक शब्द न बोलता चहा पिऊन गेले. जाताना त्यांना जरा सुटल्यासारखं झालं होतं, ते दिसत होतं.

शिकवणी एक दिवसही बंद पडली नाही. काका रडले नाहीत, चिडले नाहीत. जेवा म्हटलं की जेवायचे. फक्त शेखरचं नाव त्यांनी घेतलं नाही. काकूंनी घेतलं तर उठून पाणी प्यायला जायचे. आणि मांडीवरचं ते बोट थांबलं. काकूंनीच मला दाखवलं ते. "बघ, नुसता ठेवलाय हात," म्हणाल्या.

दिवाळी आली, गेली. दिवे लावले नाहीत. नंतर सकाळी धुकं पडायला लागलं. मुलं स्वेटर घालून यायला लागली, आणि काका तरी छोटीच अक्षरं काढत होते. पाणी आता फरशीवर खूप वेळ राहायचं. अक्षर काढून झाल्यावर काका ते वाळेपर्यंत थांबायचे, आणि ते वाळतच नसे. शेवटी हाताने पुसून टाकायचे. मुलं खूश होती. एके दिवशी पूजाला मी जिन्यात गाठून विचारलं, या वर्षी मोठी नाही शिकवत का?

"नईं दीदी," ती म्हणाली. "हमने पूछी हती। कहन लगे, अब नए बारे ही काफी हैं।" मग जरा थांबून म्हणाली, "हमें अच्छो नईं लग रओ।"

जानेवारीच्या शेवटी यमूच्या शाळेला सुट्टी पडली, आणि शू-चेन तिला घेऊन आली. दिल्लीहून गाडीने आल्या तेव्हा शू-चेनच्या मांडीवर लाल कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. सामान हमालाने घेतलं, ते तिने दिलं नाही. घरी आल्यावर देवघरापाशी न ठेवता तिने ते काकांच्या टेबलावर ठेवलं आणि कापड सोडलं. लाकडाची एक उभी अरुंद पाटी होती, खाली बैठक असलेली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत शेखरचं चिनी नाव.

त्याचं काय करायचं ते काकूंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. शू-चेनने काकांना सांगितलेलं, काकांनी काकूंना तुटक तुटक सांगितलेलं, असं ते माझ्यापर्यंत आलं. तिच्या घरी गेलेल्या माणसाच्या नावाची अशी पाटी करतात. नाव लिहून घेतात, पण नावाखालच्या शेवटच्या अक्षराच्या डोक्यावरचा ठिपका मुद्दाम द्यायचा ठेवतात. तो ठिपका कुणीतरी मानाचं, लिहिता येणारं माणूस लाल रंगाने देतं. तो दिला की गेलेला माणूस पाटीत येऊन बसतो, मग त्याच्यापुढे उदबत्ती लावायची, बोलायचं. तोवर ते नुसतं लाकूड. हे काम तिकडे बापाचं नसतं. पण शेखरच्या बाजूचं लिहिणारं माणूस शू-चेनला एकच माहीत होतं, म्हणून ती इतक्या लांब आली होती.

"मग दिला ठिपका?" मी विचारलं.

"उद्या म्हणाले."

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, शाई सुकलीय. तिसऱ्या दिवशी ब्रशचे केस पसरले होते. मग म्हणाले, आज हात कापतो. मग चष्मा. शू-चेन रोज सकाळी कापड सोडायची आणि संध्याकाळी पुन्हा गुंडाळायची. ती काकूंना पोळ्या लाटू लागायची, आणि दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नसताना दोघी ओट्यापाशी तासन्‌तास उभ्या असायच्या. एकदा मी भाजी द्यायला गेले, तर काकू लाटणं खाली ठेवून मला म्हणाल्या, "त्याला बसायला जागा नाही गं अजून. कुठेच नाही. इथेही नाही आणि तिकडेही नाही. आणि बाप ठिपका देत नाही. ह्या जातील ना परवा परत!"

मी म्हटलं, "तुम्ही सांगा ना त्यांना."

"मी सांगितलं. पाणी प्यायला गेले."

काकांना मी शेवटचं पाहिलं ते त्या दोघी निघाल्या त्या दिवशी. पुढच्याच आठवड्यात माझी कानपूरला बदली झाली, आणि उन्हाळा लागता लागता काका गेले. मला रजा मिळाली नाही. म्हणून माझ्यासाठी काका त्या दिवसापाशीच थांबलेले आहेत.

संध्याकाळची गाडी होती. त्यांना स्टेशनवर सोडायचं म्हणून मी दुपारीच गेले. बॅगा दारात होत्या. काका गच्चीवर उन्हात खुर्ची टाकून बसले होते, यमू फरशीपाशी उकिडवी बसून ओल्या ब्रशने काहीतरी गिरबटत होती. काकू आणि शू-चेनही वर आल्या. पाटी शू-चेनच्या हातात होती, कापडात. त्या दिवशी तिने ते सोडलंच नव्हतं.

यमूने ब्रश आजोबांपुढे केला आणि काहीतरी म्हणाली. काकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ती पुन्हा म्हणाली. मग त्यांनी खाली वाकून फरशीवर तीन अक्षरं भराभर काढली आणि ब्रश तिला परत दिला. यमू बघत राहिली. मग तिने मान हलवली, आणि हळू आवाजात, चिडून नाही, नुसतं सांगितल्यासारखं बोलली. शू-चेन चटकन तिच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणतेय?" काकूंनी विचारलं.

काका खुर्चीत मागे टेकले.

"अहो, काय म्हणाली पोर?"

काका फरशीकडे पाहत म्हणाले, "बाबांचं नाव लिहा म्हणाली. मी लिहिलं. ती म्हणते, हे बाबांचं नाही." मग काकूंकडे वळून, "म्हणते, आजोबा, तुम्ही अर्धं का लिहिता?"

त्यांनी पर्वताचं छोटं अक्षर काढलं होतं. इतक्या महिन्यांची हाताला सवय, दुसरं काही नाही. यमूला शाळेत ते कुणी शिकवलेलंच नव्हतं. मी कुठे बघावं ते मला कळेना, म्हणून मी तांब्याकडे बघत उभी राहिले.

काका उठले. यमूच्या हातातून ब्रश घेतला, फरशीवरचं अक्षर तळहाताने पुसलं आणि खाली बसून ते पुन्हा काढायला लागले. वर डोंगर. खाली एक कुत्रं, मध्ये 'शब्द' हे चिन्ह, दुसरं कुत्रं. रेघा वेड्यावाकड्या येत होत्या, हात खरोखरच कापत होता. तेवढं ते खोटं बोलले नव्हते. पुरं झाल्यावर यमूकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

"अगं," काका काकूंना म्हणाले, "कुंकू आण."

शू-चेनच्या पर्समध्ये लाल शाईची कुपी होती. तिने ती पुढे केली, पण काकू तोपर्यंत जिन्यात होत्या. कुंकवाचा करंडा आणि वाटीत पाणी घेऊन आल्या, आपल्याच बोटाने ते कालवलं. शू-चेनने कापड सोडलं आणि पाटी दोन्ही हातांनी उभी धरली. काकांनी उठून एक बारीक ब्रश मागितला, तो टोकापुरता कुंकवात बुडवला. ब्रश पाटीपाशी गेला आणि थांबला. इतका वेळ थांबला, की मला वाटलं आता म्हणतील, उद्या. मग त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि ठिपका दिला.

तो जरा मोठाच पडला. शू-चेनने पाटी फरशीपाशी ठेवली आणि ती आणि यमू गुडघे टेकून वाकल्या. काकूंनी हात जोडले. बापाने मुलापुढे वाकायचं नसतं, हे त्यांच्याकडेही असंच आहे आणि आपल्याकडेही. त्यामुळे काका तसेच उभे राहिले, ब्रश हातात घेऊन. पायजम्यावर कुंकवाचे थेंब पडत होते.

"शेखर," ते म्हणाले. "शेखर, बैस."

मग तेही पाटीसमोर खाली बसले. गाडीची वेळ होत आली होती आणि खाली ऑटोवाला भोंगा वाजवत होता, पण मी कठड्यावरून वाकून त्याला हातानेच थांब म्हटलं.